तपकीर गल्लीतला सीसीटीव्ही बोर्ड दुर्बिणीवर: गायडिंगला झकास, गुरूला जेमतेम

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. सोनीचा आयएमएक्स २९१ सेन्सर असलेला, बिनब्रँडचा, ३८ बाय ३८ मिलिमीटरचा यूएसबी कॅमेरा बोर्ड पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून घेतला, लेन्स काढून टाकली, दुर्बिणीत डोळ्याकडची लेन्स (आयपीस) बसते त्या मापाची सव्वा इंची नळी बसवली आणि दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत दुर्बिणीवर वापरला. गायडिंगला, म्हणजे लांब फोटोच्या वेळी दुर्बीण ताऱ्यावर धरून ठेवायच्या कामाला, पाचपैकी चार. चंद्राला साडेतीन. ग्रहांना अडीच, आणि ते अडीचसुद्धा सेन्सरकडे बघून दिलेत. दुकानाला चार, थ्रीडी प्रिंटवाल्याला पाच. आता सविस्तर.

हाच सेन्सर का, तर हा सोनीच्या स्टारविस घराण्यातला, मागून प्रकाश घेणारा, मुळात रात्रीच्या सीसीटीव्हीसाठी बनवलेला सेन्सर आहे. १९२० बाय १०८० पिक्सेल, एकेक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, कर्ण साधारण साडेसहा मिलिमीटर. ह्याचा सख्खा भाऊ आयएमएक्स २९०, तो एएसआय २९० ह्या खगोलशास्त्राच्या कॅमेऱ्यात बसतो, एसव्हीबोनीच्या एसव्ही ३०५ मध्येपण तोच. साहजिकच मनात येतं की सेन्सर जवळपास तोच आणि पैसे पाव, मग आपण का सोडायचं? ह्या विचारात अर्धं तथ्य आहे. उरलेलं अर्धं गुरूच्या वेळी बाहेर आलं, ते खाली येईलच.

जुन्या लोकांना आठवत असेल, हा उद्योग काही नवा नाही. फिलिप्सचा टूयूकॅम प्रो नावाचा वेबकॅम होता, त्यात सोनीचा आयसीएक्स ०९८ हा खराखुरा सीसीडी सेन्सर होता, ६४० बाय ४८०, ५.६ मायक्रॉनचे पिक्सेल, आणि लेन्स काढून त्या जागी फोटोच्या रोलची प्लास्टिकची डबी चिकटवली की ती सव्वा इंची फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस बसतो त्या नळीत, बऱ्यापैकी बसायची. एका आख्ख्या पिढीने गुरू-शनी तसे टिपले. वेबकॅम कमाल सेकंदाच्या काही अंशाएवढंच एक्सपोजर द्यायचे, म्हणून इंग्लंडच्या स्टीव्ह चेंबर्सने त्यांच्या सर्किटमध्ये फेरफार करून लांब एक्सपोजर घ्यायची युक्ती काढली, ती पुढे जगभर पसरली. आता सीसीडीवाले वेबकॅम गेले, रोलच्या डब्या गेल्या, आणि हल्लीचे वेबकॅम म्हणजे चेहरा गोरागुळगुळीत दिसावा म्हणून आतल्या आत इतकी धुलाई करतात की तारा दिसला तर तो त्यांना डाग वाटतो. त्यामुळे सीसीटीव्ही बोर्ड.

दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, वर गेलं की काउंटरवर केबलांचे भेंडोळे आणि त्यामागे मालक. नाव लिहीत नाही कारण हाच माल आजूबाजूच्या दुकानांतपण दिसतो आणि कोणाकडे कधी असेल ते सांगता येत नाही. मी म्हटलं लेन्सशिवाय चालेल, दुर्बिणीला लावायचाय. मालकाने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "लेन्स नको तर काढून ठेवा दादा, पण लेन्सचे पैसे कमी होणार नाहीत हां." बाकी माणूस भला. काउंटरवर लॅपटॉप लावून बोर्ड तपासू दिला, एक नाही दोन बोर्ड लावून बघू दिले, मागे तीन गिऱ्हाईकं उभी असताना. ह्याबद्दल एक स्टार जास्तच. किंमत चार हजाराच्या आत बसली. कमी केलेला एक स्टार बिलासाठी, मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितल्यावर आधी एक उसासा मिळतो.

तिथे उभ्या उभ्या काय तपासायचं ते सांगतो कारण सगळी मेख तिथेच आहे. एक, सेन्सरचं नाव, नुसतं "टू एमपी स्टारलाइट" लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही, आत काहीही असू शकतं. दुसरं, १०८० वर नुसता एमजेपीईजी (जेपीईजीने दाबलेला व्हिडिओ) मिळतोय का वायुव्हाय२ पण मिळतोय, वायुव्हाय२ म्हणजे निदान जेपीईजीसारखं दाबून न काढलेलं चित्र. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक्सपोजर हाताने बदलता येतंय का, खरंच बदलतंय का. विंडोजमध्ये हा स्लायडर दोनाच्या घातात असतो, उणे ५ म्हणजे १/३२ सेकंद, उणे १ म्हणजे अर्धा सेकंद, शून्य म्हणजे एक सेकंद. पण स्लायडर उणे १ पर्यंत गेला म्हणजे कॅमेराही तिथवर गेला असं नाही! कॅमेऱ्यावर अंगठा ठेवून थोडासाच उजेड आत येऊ द्यायचा आणि एकेक पायरी वर न्यायची, दर पायरीला चित्र दुप्पट उजळ झालं पाहिजे. माझ्या बोर्डात ५ फ्रेमच्या मोडला सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत ते होतं, त्याच्या पुढे स्लायडर नुसता शोभेला. लिनक्सवाल्यांना सोपं आहे, व्ही४एल२-सीटीएल ह्या कमांडने सगळे आकडे समोर येतात, एक्सपोजर तिथे १०० मायक्रोसेकंदाच्या एककात असतं.

आता कापाकापी. बोर्डावर एम१२ चा (१२ मिलिमीटरच्या आट्यांचा) होल्डर असतो, दोन बारीक स्क्रूंनी मागून कसलेला, त्यात लेन्स आट्यांनी फिरवून बसवलेली आणि वर गोंदाचा थेंब. गोंद टोकदार ब्लेडने सुटतो, लेन्स उलटी फिरवली की येते बाहेर. इथे बघायचं की लालसर-निळसर चमकणारी काच लेन्सच्या मागे चिकटलीये का होल्डरच्या तळाशी. ती इन्फ्रारेड अडवणारी काच. माझ्यात लेन्सच्या मागे होती म्हणजे लेन्सबरोबर गेली, सेन्सर उघडा पडला. इन्फ्रारेड आत यायला लागला की गुरू गुलाबी दिसतो, झाडं पांढरी दिसतात आणि लेन्सच्या दुर्बिणीत ताऱ्यांभोवती फुगवटा येतो कारण इन्फ्रारेडचा फोकस वेगळ्या जागी पडतो. गायडिंगला ह्याने फार बिघडत नाही, उलट जास्त प्रकाश मिळतो. रंगीत फोटोसाठी मात्र सव्वा इंची यूव्ही-आयआर कट फिल्टर नळीच्या पुढच्या आट्यांत बसवावाच लागतो, आणि तो बसवला की सेन्सरवर धूळ पडायचीपण थांबते. धुळीचं काम वाईट आहे. २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलवर पुण्यातल्या रस्त्याचा एक कण म्हणजे चंद्रावर नवीन विवर, म्हणून लेन्स काढताना बोर्ड उताणा न ठेवता पालथा धरायचा आणि रबरी ब्लोअरने फुंकायचं, तोंडाने अजिबात नाही.

नळीसाठी दोन रस्ते. एम१२ आट्यांची तयार धातूची सव्वा इंची नळी मिळते, ती लेन्सच्या जागी फिरवली की झालं. मी मात्र डबी आणि नळी एकत्र छापून घेतली, कारण उघडा बोर्ड दवात ठेवायचा नव्हता. नऱ्ह्याच्या बाजूला एक पोरगा घरच्याच खोलीत दोन प्रिंटर टाकून बसलाय, त्याला मापं पाठवली. नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर पाठवला तर त्याने उलट फोन करून सांगितलं, "काका, ३१.५ करू, प्रिंट थोडी फुगते, मग फोकसरमध्ये अडकून बसेल." आणि वर विचारलं की पीएलए प्लास्टिक कशाला, गाडीत ठेवणार असाल तर उन्हाळ्यात वाकेल, पीईटीजी घ्या. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि एप्रिलात बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर जायला वेळ लागत नाही, त्यामुळे मुद्दा बरोबर होता. त्याला दुर्बिणीतलं काही कळत नव्हतं पण वस्तू वापरणार कोण आणि कुठे हे विचारण्याची अक्कल होती, पाच स्टार त्याचेच. एवढंच की काळं दिसणारं काही प्लास्टिक इन्फ्रारेडला चक्क पारदर्शक असतं, म्हणून डबीला आतून अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावून घेतली.

चंद्र. पहिल्या रात्रीपासून मजा. दुर्बीण १५० मिलिमीटरची न्यूटोनियन (आरशाची), ७५० मिलिमीटर फोकल लेंथ. पिक्सेलचा मायक्रॉनमधला आकार गुणिले २०६ भागिले फोकल लेंथ म्हणजे एका पिक्सेलला किती आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग), तर इथे ०.८. कोपर्निकस विवराच्या आतल्या पायऱ्या दिसतात, सावलीची कड सुरेख येते, हलणारी हवा व्हिडिओत डोळ्यांना दिसते. शार्पकॅपमध्ये घ्यायचं, ऑटोस्टॅकर्टमध्ये चांगल्या फ्रेम वेचायच्या, रेजिस्टॅक्सच्या वेव्हलेटने धार काढायची. चंद्रावर प्रकाश भरपूर असल्याने गेन (सिग्नल वाढवायचं सेटिंग) खाली ठेवता येतो आणि बोर्डाची पापं झाकली जातात.

गुरूवर ती उघडी पडतात. जानेवारी २०२६ मध्ये गुरू प्रतियुतीत होता, तोही मिथुनेत, म्हणजे पुण्याहून जवळजवळ डोक्यावर, ह्याहून चांगली संधी कुठली. साधारण ४६ आर्कसेकंदाचं बिंब, फोकल लेंथ तिप्पट करणारी बार्लो लेन्स लावली की एफ रेशो (फोकल लेंथ भागिले दुर्बिणीचा व्यास) १५, पिक्सेलला ०.२७ आर्कसेकंद, म्हणजे पडद्यावर १७० पिक्सेलचा गुरू. कागदावर सगळं जुळतंय, पिक्सेलच्या पाचपट एफ रेशो ठेवावा हा ठोकताळा, २.९ च्या पाचपट साडेचौदा. पण मला हवाय १७० पिक्सेलचा गुरू आणि बोर्ड मला देतो आख्खं १९२० बाय १०८० चं काळं आभाळ. वायुव्हाय२ मध्ये एक फ्रेम चार एमबीच्या वर जाते, यूएसबी २ मधून सेकंदाला फार तर चाळीसेक एमबी प्रत्यक्षात जातात, त्यामुळे नऊ-दहा फ्रेमची कमाल मर्यादा आणि हा बोर्ड देतो ५. ग्रहांच्या कॅमेऱ्यात हवा तेवढाच चौकोन कापून घेता येतो, २५६ बाय २५६ घ्या आणि शंभर फ्रेम पळवा. इथे ६४० बाय ४८० निवडलं तर बोर्ड चौकोन कापत नाही, आख्खं चित्रच आकसून देतो, गुरू बिचारा लहान होतो.

मग एमजेपीईजी घ्या, ३० फ्रेम मिळतात. मिळतात, पण दाबलेल्या. जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ चे तुकडे करतं आणि साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण वेव्हलेटचे स्लायडर ओढले की गुरूच्या पट्ट्यांऐवजी बाथरूमच्या फरशीसारख्या चौकटी वर येतात. शिवाय बोर्डातला चिपसेट आपल्या मनाने शार्पनेस आणि नॉइज कमी करायचं काम करत असतो, शार्पनेस शून्यावर आणता येतो, नॉइजवाला भाग बंदच करता येत नाही. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो म्हणून दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ घेतला तर तपशील पुसट होतो, आणि ५ फ्रेमच्या हिशेबाने दोन मिनिटांत मिळतात ६००. त्यातल्या निम्म्या फेकून द्यायच्या तर उरलं काय? दोन मुख्य पट्टे आले, लाल ठिपका आहे हे सांगावं लागलं नाही पण दाखवावा लागला, चार उपग्रह अर्थात आले. हेच काम २९० वाल्या खगोलशास्त्राच्या कॅमेऱ्यावर मित्राच्या गच्चीत बघितलं, दुर्बीण तेवढीच, आणि पट्ट्यांच्या कडेला सुटलेले धागे दिसत होते. सेन्सर जवळपास तोच. पैसे आपण सेन्सरचे देतच नाही, त्याच्यामागच्या कच्च्या डेटाचे, १२ बिटचे, चौकोन कापण्याच्या सोयीचे आणि धड ड्रायव्हरचे देतो.

आता गायडिंग, ज्यासाठी हा बोर्ड मी आजही डोळे झाकून घेईन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माउंट, म्हणजे दुर्बिणीचं मोटरवालं स्टँड, आकाशाबरोबर फिरतं पण त्याच्या गिअरमध्ये खोट असते, म्हणून मुख्य दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण बसवायची, तिच्या कॅमेऱ्याने एक तारा धरून ठेवायचा आणि तो जरा सरकला की कॉम्प्युटरने माउंटला ढकलायचं. पीएचडी२ हे फुकटचं सॉफ्टवेअर हे करतं. त्याला सुंदर चित्र नको असतं, ताऱ्याचा मध्यबिंदू हवा असतो, आणि तो पिक्सेलच्याही काही अंशापर्यंत निघतो. मी ५० मिलिमीटरचा साधा फाइंडर (निशाणा धरायची छोटी दुर्बीण) घेतला, आयपीसची बाजू काढली, तिथे त्याच पोराकडून छापलेला जोड बसवला. फोकस पुढून करायचा, समोरची लेन्स असलेली कडी सैल करून फिरवायची आणि मागची चकती घट्ट करायची, एकदा झाला की वर्षभर बघायला नको. फाइंडरची फोकल लेंथ १८० धरली तर पिक्सेलला ३.३ आर्कसेकंद, आणि पडद्यावर पावणेदोन अंश बाय एक अंश आभाळ येतं. मागे मुख्य कॅमेरा कॅनन ६००डी, त्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉन, म्हणजे ७५० वर १.२ आर्कसेकंद. गायडिंगचं माप मुख्य कॅमेऱ्याच्या तिप्पटीच्या आत आहे, चालतं.

एक्सपोजर पाव सेकंदाच्याही आत अडकतं त्याचं काय, तर पीएचडी२ मध्ये वेबकॅम म्हणून जोडला आणि दोन सेकंद सांगितले की ते दोन सेकंदांत येतील तेवढ्या फ्रेमची बेरीज करून देतं. बेरजेने नॉइज शांत होतो, तारा वर येतो. पण एक लक्षात ठेवा, फ्रेम ८ बिटच्या आहेत, जो तारा एका फ्रेममध्ये शून्याच्या वर उठतच नाही तो दहा फ्रेम मिळवूनही शून्यच राहणार. म्हणून गेन वर आणि ब्राइटनेस थोडा वर ठेवायचा, काळं आभाळ अगदी शून्यावर न बसता जरा करडं राहिलं पाहिजे. कोथरूडच्या गच्चीतून साधारण आठव्या प्रतीचा तारा धरता येतो, आणि एवढ्या मोठ्या तुकड्यात तेवढा एखादा तारा बहुतेक वेळा सापडतोच. नाही सापडला तर गायडस्कोपच्या कड्यांचे स्क्रू फिरवून जरा बाजूला बघायचं. अनेक तारे एकत्र धरून गायडिंग करायची जी सोय पीएचडी२ मध्ये आहे तिच्यासाठी मात्र शहरातून पुरेसे तारे क्वचितच मिळाले.

डार्क लायब्ररी, म्हणजे वजा करायला अंधाऱ्या फ्रेमचा साठा, करायलाच हवी, फाइंडरवर झाकण लावून. हा बोर्ड तासाभरात चांगला तापतो आणि हॉट पिक्सेल (अंधारातही उजळ राहणारे) उगवायला लागतात, आणि पीएचडी२ ने ताऱ्याऐवजी हॉट पिक्सेल धरला तर ग्राफ असा सरळ येतो की पेढे वाटावेत, फोटोत मात्र तारे ओघळलेले.

दुसरी गोष्ट, ह्या बोर्डाला एसटी४ चं, म्हणजे माउंटला थेट वायर जोडायचं, भोक नाही. माउंट कॉम्प्युटरला जोडता येत असेल, सॉफ्टवेअरने म्हणजे ईक्यूमॉड किंवा अ‍ॅस्कॉममधून, तर ढकलायचे निरोप त्या वायरीने जातात आणि काही अडत नाही. ज्यांच्या माउंटला नुसतं एसटी४ च आहे त्यांनी हा बोर्ड घेऊ नका, सरळ एएसआय १२० मिनीसारखा कॅमेरा घ्या, त्याला ते भोक असतं, मोनो (कृष्णधवल) आहे, आणि ३.७५ मायक्रॉनचे पिक्सेल गायडिंगला मोठेच बरे. तीन-चारपट पैसे जातील पण जुगाडावर जुगाड होणार नाही.

आणि पुण्यात आणखी एक गंमत. आपला ध्रुव तारा क्षितिजापासून साडेअठरा अंशच वर, म्हणजे उत्तरेला सात मजली इमारत असली की संपलं. माझ्या उत्तरेला अकरा मजली आहे. मग पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे जुळवणं) करायची पीएचडी२ च्या ड्रिफ्ट अलाइनने, आणि त्यात हाच बोर्ड कामाला येतो, दक्षिणेकडचा आणि पूर्वेकडचा तारा बघून माउंट सरळ करता येतं, ध्रुव बघायची गरजच नाही. ह्या एका गोष्टीतच चार हजार वसूल झाले असं माझं मत.

पानशेतच्या पुढे अंधारात नेला तेव्हा एकूण आरएमएस, म्हणजे गायडिंगची सरासरी चूक, एक ते दीड आर्कसेकंदात बसत होता, तीन मिनिटांच्या फ्रेममध्ये मृगातल्या तेजोमेघाभोवतीचे तारे गोल. गच्चीवर ते बिघडतं, पण तो दोष बोर्डाचा नाही, लिफ्टची मोटर डोक्यावर आहे आणि कोणी तिसऱ्या मजल्यावरून खाली गेलं की ग्राफमध्ये कळतं. यूएसबीची मायक्रो पिन मात्र कच्ची आहे, केबल लोंबती राहिली की कॅमेरा अधूनमधून गायब, म्हणून केबल फाइंडरच्या पायाला वेल्क्रोने बांधायची आणि पाच मीटरपेक्षा लांब घ्यायची नाही.

रास्पबेरी पायचा एचक्यू कॅमेरा घेऊ का असं बरेच विचारतात. तो २०२० चा, आयएमएक्स ४७७ सेन्सर, १२.३ मेगापिक्सेल, कच्चा डेटा देतो, एक्सपोजर मिनिटांत जातं, आणि सी-माउंट असल्याने सव्वा इंची नळी तयार मिळते, काही कापायला नको. पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा असल्याने एफ ८ च्या आसपासच गुरू पुरेसा मोठा दिसतो. पण त्याच्यामागे रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर लागतो, त्याच्यामागे लिनक्स लागतं आणि त्याच्यामागे तुमचे रविवार लागतात. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर घ्यावा. ज्यांना विकत घ्यायच्या आधी कोणाचं तरी चालू सेटअप बघायचंय त्यांनी टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी करावी, १९४४ पासूनची संस्था आहे, दुर्बिणीला काय काय जोडून बघितलेले लोक तिथे भेटतात.

घेणार असाल तर ३८ मिलिमीटरचाच बोर्ड मागा, ३२ चापण येतो आणि त्याला माझी डबी बसणार नाही. लॅपटॉप चार्ज करून न्या, काउंटरवर प्लग पॉइंट एकच आहे आणि त्यात मालकांचा पंखा असतो. बदलून द्यायची मुदत सात दिवस, ती बिलावर लिहून घ्या.